कोंड्याची उशी

खुडूकताई गेली तेव्हा तिचं अंग गरम होतं. पुढचं सगळं त्या एका गोष्टीवरून घडलं.

खुडूक हे नाव कामावरच्या बायकांनी पाडलेलं. अंडी उबवायला बसलेली कोंबडी कशी जागची हलत नाही, कुणी जवळ आलं की पिसं फुलवून अंगावर येते, तशी ही आपल्या ट्रेंपाशी. लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, आणि वर हे नाव. दुसरी असती तर मनाला लावून घेतलं असतं. ही उलट म्हणायची, "अगं, कोंबडीला किती, तर दहा-बारा पिल्लं. माझ्या एका खोलीत लाखांनी आहेत. मोज बघू बसून!"

लाखांनी होती ती बुरशी. खुडूकताई जिथं कामाला होती तिथं बुरशी पिकवत. पावावर हिरवा ठिपका दिसला की आपण पाव फेकून देतो, पण देवानं सगळीच बुरशी वाया जायला केलेली नाही. गव्हाचा कोंडा ओला करायचा, वाफेच्या मोठ्या हंड्यात शिजवून घ्यायचा, म्हणजे त्यातलं नको ते सगळं मरतं. गार झाला की चांगल्या जातीच्या बुरशीचं बी त्यात मिसळायचं आणि स्टीलच्या उथळ ट्रेंमध्ये पातळ पसरून दमट, उबदार खोलीत ठेवायचा. पाण्यात बुडवायचा नाही. पिळला तर थेंब पडू नये, पण मूठ केली तर मूठ राहावी, इतपतच ओल. मग बुरशी तो कोंडा खात वाढते आणि वाढता वाढता एक रस सोडते. तो धुऊन, गाळून, वाळवून त्याची पावडर करतात आणि ती अन्न पचवायच्या गोळ्यांत जाते. "लोकांना जेवण जातं ते माझ्या पिल्लांच्या जिवावर," असं खुडूकताई म्हणायची.

पण नवल होतं ते त्या उबेचं. बी पेरल्यावर पहिल्यांदा खोली तापवावी लागते. मग ट्रे आपले आपणच तापू लागतात. खाली जाळ नाही, वर दिवा नाही, नुसता कोंडा, आणि हात लावावा तर ताप भरलेल्या लेकराचं कपाळ. कोंडा फार तापला तर बुरशी आपल्याच उबेनं मरते, म्हणून बायका तो हातांनी मोडतात, खालीवर करतात, वरून पाणी शिंपडतात. त्यावर पांढरा कापूस धरला की पीक आलं. तेव्हा काढलं नाही तर ते हिरवं पडतं. हिरवं म्हणजे बी. नुसता श्वास सोडला तरी धुरासारखी भुकटी उडते, आणि ती बरी नव्हे. "पांढरं ते आपलं, हिरवं ते त्याचं," हे वर देवाकडे बोट दाखवून खुडूकताईनं नव्या बायकांना इतक्यांदा सांगितलं होतं की तिच्या घरीही ते पाठ झालं होतं.

घरी तिची म्हातारी आई, धाकटा भाऊ आणि भावाची बायको. वडील लवकर गेले, तेव्हापासून घर हिनं ओढलं. भावाला शिकवलं, तो शिकेना तेव्हा शाळेची मुलं नेआण करायची गाडी घेऊन दिली, आणि त्याला बायकोही हिनंच पाहिली. मुलगी बघायला गेली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "झालं, ठरलं. आमच्या घरात सगळे तापट. एक गार हात पाहिजेच होता."

सुनेचे हात खरंच गार होते, भर उन्हातसुद्धा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नणंद तिला आपल्याबरोबर कामावर घेऊन गेली. "गार हाताला ऊब चटकन कळते," असं तिचं म्हणणं. सून तिला वन्सं म्हणायची, कामावरही. पहिल्या दिवशी उबेच्या खोलीतून बाहेर पडताना सून सवयीनं "जाते मी" म्हणाली, तर वन्संनी मनगट धरून परत आत ओढली. "जाते म्हणायचं नाही. दारात उभं राहून येते म्हणायचं. ऐकतात ती."

"कोण, वन्सं?"

"पिल्लं गं! आणि कोण?"

सून हसली. पण रांगेनं लावलेल्या त्या ट्रेंकडे, त्या अंधुक उजेडात, पाठ फिरवताना तिला उगाच वाटलं की खोलीनं श्वास घेतला. तिनं पुटपुटत "येते" म्हटलं आणि त्यानंतर कधी चुकवलं नाही.

खुडूकताई गेली ती कामावरच. पाळी संपली, तिनं कोट काढून आपल्या खुंटीला अडकवला आणि चपला घालायला बाकावर बसली. कपडे बदलायच्या खोलीतला तो बाक भिंतीला लागून होता आणि भिंतीच्या पलीकडे उबेची खोली. धिप्पाड बाई, पाठ भरून भिंतीला टेकली ती टेकलीच. बायका आल्या, गेल्या. दमली असेल, डोळा लागला असेल, म्हणून कुणी हाक मारली नाही. शेवटी सुनेनं खांद्याला हात लावून "वन्सं, चला ना" म्हटलं, तेव्हा एक चप्पल पायात होती आणि दुसरी हातात.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, जाऊनही बराच वेळ झाला. घर जवळच होतं. गाडीत घालून लगेच घरी आणली. म्हातारीनं लेकीला उराशी धरायला पाठीखाली हात घातला आणि किंचाळली, "गरम आहे! अरे, माझी लेक गरम आहे! गरम माणसाला कुठं नेताय?"

कुणी काय समजावणार? सून म्हणाली, "आई, ती भिंतीची ऊब," पण त्या रडारडीत ऐकतंय कोण. नेली. त्या दिवसापासून म्हातारी घरात बोलायची ते एवढंच, कधी भांडं घासताना, कधी नुसती खिडकीशी बसून, "गरम होती. गरम असताना नेलीत तुम्ही तिला." रडत नसे. हिशेब सांगावा तसं सांगायची. मुलगा ऐकून बाहेर जायचा, सून भांडी आवरायची.

म्हातारी मग लेकीच्या खोलीत, लेकीच्याच खाटेवर झोपायला लागली. डोक्याखाली लेकीनं शिवलेली उशी. म्हातारीची मान दुखायची, कापसाची उशी तिला सोसत नसे, म्हणून जायच्या आधी काही महिने खुडूकताईनं तिच्यासाठी कोंड्याची उशी केली होती. कोंडा पोत्यातला, कोरडा, कामावरूनच विचारून आणलेला. जेवणाच्या सुट्टीत त्याच बाकावर बसून, अंगातला कोट न काढता, तिनं जुन्या चादरीच्या खोळीत तो भरला आणि बारीक टाके घातले. लांबडी म्हणून एक उंच बाई होती कामावर, ती म्हणाली होती, "ताई, आता उशीपण उबवणार का?" तेव्हा सगळ्या हसल्या होत्या.

ओलसर हवेचे दिवस आले. कपडे वाळेनात, भिंतींना ओल सुटली. एका दुपारी म्हातारी डोक्यावरून न्हाली आणि केस ओले असतानाच उशीवर आडवी झाली.

त्यानंतर एकदोन दिवसांत घर बदललं. कसं, ते सुनेला आधी सांगता आलं नसतं. म्हातारी "गरम होती" म्हणायची थांबली. जेवायला लागली. खोलीतून बोलण्याचा आवाज यायला लागला, हलका, मध्येच हसल्यासारखा. सुनेला वाटलं, देवाचं काही म्हणत असतील. बरंच आहे. पण दारावरून जाताना कानावर पडलं, "झोपलीस का गं नीट? कूस बदलू का तुझी?"

सून दारातच थिजली. मग स्वतःला म्हणाली, एकट्या माणसाला बोलायला कुणी लागतं.

आणि म्हातारीला खोकला सुरू झाला.

एका सकाळी म्हातारी अंगणात चहा घेत बसली होती. उठून तिला बराच वेळ झाला होता. सून चादर बदलायला आत गेली. उशीवर डोक्याचा खळगा होता. तिनं उशी उचलायला तळवा टेकला आणि हात तसाच राहिला.

उशी गरम होती.

वरून नव्हे, आतून. तिनं उलटी केली. पालथी बाजूही गरम. मधोमध तर इतकी, की आत्ता या क्षणी कुणी डोकं उचललं असावं. आणि वास. ओली माती आणि पिकलं फळ एकत्र ठेवलं तर येईल तसा, जड, गोडसर. तो वास तिला ओळखीचा होता. वन्सं संध्याकाळी दारातून आत आल्या की आधी तो वास यायचा आणि मग त्या. तिच्या मानेपासून टाचेपर्यंत सर्रकन काटा आला.

"कळलं ना तुलाही?"

म्हातारी दारात उभी होती. तिच्या पांढऱ्या केसांत, कानामागं, हिरवट धूळ बसली होती, पण चेहरा हसरा, समाधानी.

"काय कळलं, आई?"

"आली की नाही ती! दुपारनंतर थोडी गार पडते. मग पाणी द्यायचं, की परत येते." म्हातारी वाटी घेऊन खाटेपाशी आली आणि बोटांची टोकं बुडवून उशीवर पाणी शिंपडलं, मनगटाला झटका देऊन, अर्धवर्तुळात. तो झटका वन्संचा होता. ट्रेवर पाणी मारताना त्यांचा हात असाच फिरायचा. "तहान लागते गं तिला. लहानपणीही उठून उठून पाणी मागायची."

सून खोलीबाहेर आली आणि देवाच्या फोटोपुढं नुसती उभी राहिली. मागायचं काय, तेच तिला सुचेना.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "उशीत कसलं आलंय? तुम्हा बायकांना कापसात पण भुतं दिसतात."

"कापूस नाही, कोंडा आहे. आणि भूत कुणी म्हटलं? हात लावून बघा."

तो शीळ घालत गेला, आणि शीळ आतच बंद पडली. बाहेर आला तेव्हा तळवा पँटला पुसत होता. "गाडीला उशीर होतोय," म्हणाला आणि निघून गेला. शाळांना त्या दिवशी सुट्टी होती. त्यानंतर तो आईचा चहा उंबऱ्याशी ठेवायचा आणि तिथूनच हाक मारायचा.

खोकला वाढत गेला. जिना चढताना म्हातारी दर वळणावर थांबायची, छातीत शिट्टी वाजायची, संध्याकाळी कणकण यायची. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं, औषध दिलं, फरक पडेना. पुन्हा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "घरात कबुतरं आहेत का? ओला चारा, बुरशी, असं काही?" नवरा "छे" म्हणाला. सुनेनं खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावरच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमकडे गेली. मॅडम कमी बोलायच्या, पण बी सांभाळायचं काम त्यांचं, आणि खुडूकताईवर त्यांचा जीव होता. सुनेनं त्यांना सगळं सांगितलं.

"कोट घालून शिवली असेल तिनं ती उशी," त्या म्हणाल्या. "त्या दिवसांत ती माझ्याकडे बी काढायला होती. कोट हिरवा असायचा. म्हणून तर कोट बाहेर न्यायचा नाही, असं आपण सांगतो. बी कोरड्यात मरत नाही. झोपून राहतं. पाणी मिळालं की उठतं, वाढतं, आणि वाढलं की ऊब आलीच. तुम्हाला मी काय सांगायचं?"

"मग ती ऊब…"

"ट्रेमध्ये असते तीच. दुसरं काही नाही. पण आता ते हिरवं झालं असणार, आणि आजी त्यावर तोंड ठेवून झोपतात. नवीन औषधं घेऊन उपयोग नाही. उशी गेली तर श्वास सुधारेल. नाही गेली तर फुप्फुस कायमचं आवळत जाईल. थांबू नका."

सून घरी आली. कारण कळलं होतं, नाव कळलं होतं, पण अंगावरचा काटा काही बसला नाही. झोपून राहतं आणि पाणी मिळालं की उठतं, हे मॅडमनी भीती घालवायला सांगितलं होतं ना?

तिनं म्हातारीला स्पष्ट सांगितलं. बुरशी आहे, छातीत जाते आहे, उशी द्या.

म्हातारीनं उशी छातीशी धरली. तिच्या श्वासाची शिट्टी आता दारापर्यंत ऐकू येत होती. "एकदा गरम होती, तेव्हा मी चार माणसांचं ऐकलं. आता नाही ऐकायची."

"आई, ती बुरशी आहे हो. वन्सं नाहीत."

"मग काय झालं? जन्म तिचा बुरशीत गेला. परत यायचं म्हटलं तर कशातून येईल? गुलाबातून?"

नवरा स्वयंपाकघरात कुजबुजला, "अंघोळीला गेली की बदलून टाक. दुसरी तशीच आण. तिला कळणार पण नाही."

"कळेल. गार लागेल ना."

"मग ओढून घे! जीव जाईल तिचा!"

ओढून घेणं अवघड नव्हतं. म्हातारी काडीसारखी झाली होती. पण मग जीव वाचूनही ती काय म्हणत जगेल, ते सुनेला ऐकू येत होतं. गरम होती. दोनदा गरम होती आणि दोन्हीदा नेलीत. उशी काढायची तर आधी ती पहिली ऊब काढायला हवी होती, पाठीची. त्या उबेचं कारण म्हातारीनं कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं.

"आई," ती खाटेशी बसून म्हणाली, "वन्सं शेवटी बसल्या होत्या ती जागा बघायचीय का तुम्हाला?"

म्हातारीनं मान वर केली. इतक्या महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "नेशील?"

"नेते."

"हिलाही घेऊ?"

"घ्या ना."

दिवस निवडला तो धुण्याचा. कामावर मधूनमधून एक दिवस सगळे ट्रे बाहेर काढत, खोल्या घासून धूत. त्या दिवशी हवेत भुकटी नसे, म्हातारीच्या छातीला त्रास होणार नव्हता, आणि मॅडमनीही परवानगी दिली. उशी दोन पिशव्यांत घालून सुनेनं गाठ मारली. म्हातारी शाळेच्या गाडीत मधल्या बाकावर बसली, उशी शेजारी ठेवली आणि पिशवीला म्हणाली, "खिडकीशी बस हं, वारा लागतो तुला बरा." नवऱ्यानं आरशात पाहिलं आणि पुन्हा रस्ता सोडून कुठंच पाहिलं नाही. पिशवीला आतून बाष्प धरलं होतं.

कामाच्या जागी सगळं उघडं होतं. ट्रे बाहेर उन्हात उभे, फरशा ओल्या, कुठंतरी नळ ठिबकत होता. लांबडी पायपानं पाणी मारत होती. म्हातारीला पाहून तिनं पाणी बंद केलं. "या आजी. आज कशाला आणलंस गं त्यांना? आज काही बघायला नाही. पिल्लं घरात नाहीत."

कपडे बदलायच्या खोलीत रिकाम्या कोटांची रांग होती. एक खुंटी मोकळी. तिच्यावर अजून कुणी कोट अडकवत नसे. कुणी तसं ठरवलं नव्हतं. खाली तो बाक. सून पुढं झाली, जागा दाखवायला तिनं भिंतीवर तळवा ठेवला आणि तो झटकन मागं घेतला.

भिंत गार होती. ओल्या दगडासारखी गार.

पलीकडची खोली रिकामी, धुतलेली, तापवणं कालपासून बंद. त्यात ट्रे नाहीत, ऊब नाही. ज्या कारणासाठी आजचा दिवस निवडला, त्याच कारणानं आज भिंत गार असणार, हे एवढी वर्षं तिथं काम करणाऱ्या बाईला सुचू नये! ती "आई, थांबा, आज नको" म्हणणार, तोवर म्हातारी बाकावर बसली होती. उशीची पिशवी मांडीवर घेतली, पाय सैल सोडले, एक चप्पल गळून खाली पडली. आणि म्हातारी हळूच भिंतीला टेकली.

डोळे मिटले. नळ ठिबकत होता. सुनेला तिच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती, आणि मग काही वेळ तीही ऐकू येईना. म्हातारी बसली होती ती हुबेहूब तशीच, मान किंचित डावीकडे. सुनेनं खांद्याकडे हात नेला आणि तो मध्येच थांबला. हाक मारायचं धैर्य होईना.

"गरम आहे गं," म्हातारी म्हणाली.

सुनेनं उशीच्या पिशवीकडे पाहिलं.

"भिंत गं. पाठीला लागतीय. चांगली गरम आहे." डोळे अजून मिटलेलेच. "अशीच टेकली होती ती?"

"हो, आई."

"बराच वेळ?"

"बराच."

"मग पाठ तापणारच." म्हातारीनं डोळे उघडले. "तिचे हात कसे होते? तू धरले होतेस ना?"

"गार होते."

"तुझ्यापेक्षा गार?"

"माझ्यापेक्षा."

म्हातारीनं मान हलवली, पुष्कळ वेळ हलवत राहिली. "म्हणजे गार झाली होती ती. आपण गरम माणसाला नाही नेलं."

"नाही, आई. नाही नेलं."

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. म्हातारीनं पिशवी उचलून त्यांच्यापुढं धरली. "कुठं टाकता हे? त्यासाठी दुसरं कुणी यायला नको, मीच येते." वाफेच्या हंड्यापाशी तिनं पिशवीला एकदा गाल लावला. "दुखेल का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "लगेच होतं."

"थोडं पांढरं असेल तर तेवढं ठेवाल?"

"आजी, आता सगळं हिरवं आहे."

"मग राहू दे. हिरवं ते त्याचं." आणि तिनं स्वतःच्या हातांनी उशी आत ठेवली. झाकण लागलं, वाफ सुटली, आणि तो ओळखीचा वास एकदम सगळीकडे भरला, जणू कुणी दारातून आत आलं. मग तो विरत गेला. नवरा, जो इतका वेळ गाडीपाशीच उभा होता, आत येऊन आईला दंडाला धरून घेऊन गेला.

म्हातारीचा श्वास पुढं मोकळा झाला. लगेच नाही, खोली घासावी लागली, गादी टाकून द्यावी लागली, आणि जिना अजूनही ती एका वळणावर थांबूनच चढते. पण चढते. उशी मागत नाही, आणि "गरम होती" हे शब्द तिच्या तोंडून पुन्हा आले नाहीत. भिंत तिला खरंच गरम लागली, की सुनेची अडचण ओळखून ती तसं म्हणाली, हे सुनेनं कधी विचारलं नाही. काही गोष्टी देवानंच झाकून ठेवलेल्या बऱ्या.

एक मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी म्हातारीला गाडीत बसवल्यावर लक्षात आलं, एक चप्पल बाकाखालीच राहिली. सून एकटीच परत गेली. चप्पल उचलली, आणि उठताना सहज, तोल सांभाळायला म्हणून, म्हातारी टेकली होती तिथं भिंतीवर हात ठेवला.

ऊब होती.

असणारच, तिनं मनाशी म्हटलं. माणूस बसून उठलं की थोडा वेळ उबारा राहतोच. तिनं हात बाजूला सरकवला, ऊब संपते कुठं ते बघायला. म्हातारी काडीसारखी, खांदे एवढेसे. ऊब तिच्या खांद्यांपाशी संपली नाही. पुढं गेली, दोन्हीकडे, चांगली रुंद, आणि वर, म्हातारीचं डोकं पोचलं नसतं तिथवर. पाठ भरून बसणाऱ्या, धिप्पाड बाईएवढी. त्याच्या बाहेर बोटभर गेलं की लगेच ओला दगड.

सुनेनं हात काढून घेतला आणि तळव्याकडे पाहिलं. गार हाताला ऊब चटकन कळते.

चप्पल छातीशी धरून ती मागं मागं दारापर्यंत आली. पाठ फिरवायची हिंमत झाली नाही. उंबऱ्यावर पाऊल ठेवून तिनं त्या रिकाम्या खुंटीकडे बघत, हलक्या आवाजात म्हटलं, "येते हं, वन्सं," आणि दार ओढून घेतलं.